गाडी बाजूला लावण्याचा हक्क

ट्रकच्या अपघाताची बातमी आपल्याकडे दोन ठरावीक शब्दप्रयोगांवर उभी असते: ‘ब्रेक निकामी झाल्याने’ किंवा ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. दोन्ही शेवटच्या दहा सेकंदांबद्दल सांगतात. त्याआधीच्या दहा-बारा तासांचं काय? चालक किती वाजता निघाला, वाटेत त्याने कुठे पाठ टेकली, ब्रेकच्या लायनिंगकडे शेवटचं कोणी पाहिलं, ‘सकाळी सातच्या आत गाडी गोडाऊनला लागली पाहिजे’ असं फोनवर कोणी बजावलं, यातलं काहीच बातमीत येत नाही. वार्ताहराचा त्यात दोष नाही. ते कुठे नोंदलेलंच नसतं.

हे तास मिनिटामिनिटाने नोंदवायचे आणि त्या नोंदीचा जाब चालकाच्या केबिनपासून मालकाच्या टेबलापर्यंत मागायचा, ही पद्धत युरोपात गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत बसत गेली. ती कशी चालते आणि कुठे अडते, हे पाहायला आयर्लंडमधलं ल्यूकन ही सोयीची जागा आहे. तिथे मराठी घरं आहेत आणि घरांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर ट्रकचा अखंड ओघ आहे.

वाट आधी, बंदी नंतर

ल्यूकन हे डब्लिनच्या पश्चिमेचं, लिफी नदीकाठचं उपनगर. १७५८ मध्ये इथे गंधकयुक्त पाण्याचा झरा सापडला आणि डब्लिनची श्रीमंत मंडळी हवापालटाला इकडे येऊ लागली. आज इथे आणि शेजारच्या ॲडम्सटाउनमध्ये भारतीय कुटुंबांची चांगली वस्ती आहे. बहुतेक जण संगणक, औषधनिर्माण किंवा रुग्णालयाच्या नोकरीतले. गावाला खेटून जाणारा एन-४ महामार्ग पश्चिमेला स्लायगोपर्यंत पोचतो. पूर्वेला पामर्सटाउनजवळ, सातव्या क्रमांकाच्या चौकात, तो डब्लिनभोवतीच्या एम-५० या वळसामार्गाला मिळतो. दक्षिणेला ग्रेंज कॅसलची औद्योगिक वसाहत, पश्चिमेला लेक्सलिपचा इंटेलचा कारखाना, आणि एम-५०वरून पुढे गेलं की डब्लिन बंदर. कारखान्याचा कच्चा माल, सुपरमार्केटचं दूध-भाजी, बंदरातले कंटेनर, सगळं याच रस्त्यांवरून वाहतं.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्याच्या नजरेत भरते ती ट्रकची चाल. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाडीला आयर्लंडमध्ये साध्या रस्त्यावर ताशी ८० आणि मोटरवेवर ९० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि इंजिनाला बसवलेला वेगनियंत्रक ९०च्या पुढे इंधनच देत नाही. त्यामुळे दोन ट्रकांची शर्यत सहसा दिसत नाही. दारूच्या बाबतीतही चालकाला वेगळा न्याय आहे. सामान्य वाहनचालकाला १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल चालतं, पण ऑक्टोबर २०११ पासून व्यावसायिक चालकाला फक्त २०. भारतात सगळ्यांना एकच मर्यादा आहे, ३० मिलिग्रॅमची.

डब्लिन शहराच्या मध्यभागात मोठे ट्रक का दिसत नाहीत, याचं उत्तर जमिनीखाली आहे. डब्लिन बंदर शहराच्या अगदी पोटाशी आहे आणि पूर्वी बंदरातला प्रत्येक कंटेनर लिफीकाठच्या रस्त्यांवरून, दुकानांपुढून जायचा. २० डिसेंबर २००६ रोजी बंदर थेट मोटरवेला जोडणारा साडेचार किलोमीटरचा जोडबोगदा खुला झाला. त्यात मोटारींना टोल आहे, अवजड मालवाहू गाड्यांना नाही. बोगदा सुरू झाल्यानंतर, फेब्रुवारी २००७ पासून, पाच किंवा जास्त आसांच्या गाड्यांना सकाळी सात ते संध्याकाळी सात शहराच्या मध्यभागात परवान्याशिवाय बंदी घातली गेली. आधी वाट काढून दिली, मग दार लावलं. आपल्या शहरांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हा ट्रक नाक्याबाहेर धुळीत ताटकळतात. ते तास चालकाच्या झोपेतून कापले जातात आणि कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

साडेचार तासांचं गणित

ट्रकचालकाच्या तासांचा युरोपीय नियम ५६१/२००६ या क्रमांकाने ओळखला जातो. तो ११ एप्रिल २००७ पासून पूर्णपणे लागू आहे. त्याचा गाभा एका पोस्टकार्डावर मावतो. सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती. ती हवी तर आधी १५ आणि मग ३० मिनिटं अशी तोडून घेता येते. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० चालतात. आठवड्याला ५६ तासांच्या वर नाही आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०च्या वर नाही. म्हणजे एका आठवड्यात ५६ तास ओढले, तर पुढच्या आठवड्यात फक्त ३४ उरतात. रोज सलग ११ तास विश्रांती. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान तीनदा ती ९ तासांवर आणता येते. साप्ताहिक सुट्टी ४५ तासांची.

यातला खरा कस रोजच्या विश्रांतीत आहे. ती कामाला सुरुवात केल्यापासून २४ तासांच्या आत पुरी व्हावी लागते. एक दिवस घड्याळ लावून पाहू.

ग्रेंज कॅसलहून चालक पहाटे ५ला कामावर आला. पंधरा मिनिटं गाडी तपासली आणि कॉर्कला निघाला. अंदाजे अडीचशे किलोमीटर, सव्वातीन तास. साडेआठला तो गोदामाच्या दारात. तिथे दोन-अडीच तासांत माल उतरवून परतीचा माल भरला, पाऊण तास डोळे मिटले, तर तो दुपारी तीनच्या सुमाराला घरी येईल. पण गोदामात रांग लागली आणि गाडी चारला मोकळी झाली, तर पोचायला सव्वासात. पहाटे पाचपासून चौदा तास होऊन गेले. पुढच्या पहाटे पाचपर्यंत ११ तास उरत नाहीत, म्हणून तीनपैकी एक ९ तासांची सवलत खर्ची पडली. गाडी साडेपाचला मोकळी झाली, तर घरी पोचायला पावणेनऊ वाजतील, आणि ते बेकायदा. रात्री आठच्या आत त्याला वाटेतल्या सर्व्हिस एरियात गाडी लावून केबिनमागच्या बिछान्यावर झोपावं लागतं, मग घर पन्नास किलोमीटरवर का असेना.

या हिशेबात चालकाने कुठेही चूक केलेली नाही. तो एकूण साडेसहा तासच चालवणार होता, नऊच्या मर्यादेच्या कितीतरी आत. त्याचा दिवस खाल्ला तो गोदामाच्या रांगेने. चाकामागचे तास मोजणारा कायदा रांगेतले तासही मोजतो, कारण शरीराला दोन्ही सारखेच थकवतात. यावर कामाच्या एकूण तासांचा वेगळा नियम आहे: चालवणं, भरणं, उतरवणं, कागदपत्रं सगळं धरून सरासरी आठवड्याला ४८ तास, आणि कुठल्याही एका आठवड्यात ६०च्या पुढे नाही.

केबिनमधला साक्षीदार

नियम कागदावर लिहिणं सोपं. चालक खरंच थांबला की नाही, हे पाहणार कोण? ते काम टॅकोग्राफ करतो.

युरोपीय समुदायाने चालकांच्या तासांचा पहिला नियम १९६९ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी हे यंत्र आणलं. तेव्हा ते म्हणजे घड्याळात बसवलेली मेणाचा थर दिलेली कागदी तबकडी होती. चोवीस तासांत एक फेरा, आणि सुई तिच्यावर वेग, अंतर, काम यांच्या रेघा ओरखडत जाई. ब्रिटनमधल्या चालकांच्या संघटनांनी ‘केबिनमधला हेर’ म्हणून त्याला कडाडून विरोध केला. ब्रिटिश सरकारने सक्ती टाळली, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९७९ मध्ये ब्रिटनविरुद्ध निकाल लागला. १ मे २००६ पासून नव्या गाड्यांत डिजिटल टॅकोग्राफ आला, जून २०१९ पासून उपग्रहाशी बोलणारा, आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याची दुसरी आवृत्ती.

आजचा टॅकोग्राफ दिसायला गाडीच्या रेडिओएवढा. दोन फटी असतात, उजव्या-डाव्या हाताला. पहिल्या फटीत गाडी चालवणाऱ्याचं कार्ड, दुसरीत सोबतच्या चालकाचं. कार्ड प्लास्टिकचं, फोटो असलेलं, पाच वर्षं चालणारं आणि माणसाच्या नावाचं. गाडी बदलली तरी कार्ड तेच. छोट्या पडद्यावर चार चिन्हं फिरतात. स्टिअरिंगचं चाक म्हणजे गाडी चालवणं. चाकं फिरली की ते आपोआप लागतं, त्यात चालकाच्या मर्जीला वाव नाही. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन हातोड्या म्हणजे इतर काम. तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर आहे, पण बोलावण्याची वाट पाहतोय. आणि पलंग म्हणजे विश्रांती. गोदामाच्या रांगेत गाडी इंचाइंचाने पुढे सरकवायची असेल, तर पलंगाचं बटण दाबून उपयोग नाही. चाक फिरलं की विश्रांती मोडली. साडेचार तासांना पंधरा मिनिटं उरली की यंत्र इशारा देतं. खालच्या कप्प्यातून उष्णतेने छापलेली कागदाची पट्टी काढता येते आणि जादा गुंडाळी जवळ ठेवणं चालकाला बंधनकारक आहे. कार्ड हरवलं, तर रोज सुरुवातीला आणि शेवटी अशी पट्टी काढून, सही करून पंधरा दिवस गाडी चालवता येते. त्यापुढे नाही.

मिनिटांवरही खल झाला. डिजिटल यंत्रांच्या पहिल्या पिढीत एखाद्या मिनिटात काही सेकंद जरी चाक फिरलं, तरी पूर्ण मिनिट चालवण्याच्या खाती जाई. दारोदार माल पोचवणाऱ्या, सतत थांबत-निघत जाणाऱ्या चालकांवर त्याने अन्याय होत होता. ऑक्टोबर २०११ पासून त्या मिनिटात जे काम सर्वांत जास्त वेळ सलग चाललं, तेच धरलं जातं. वरवर क्षुल्लक बदल, पण दिवसभरात पाऊण-एक तासाचा फरक पाडणारा.

यंत्र आलं की यंत्राला फसवणारेही येतात. गिअरबॉक्सवरच्या संवेदकाला लोहचुंबक चिकटवायचं, म्हणजे गाडी नव्वदने धावत असताना टॅकोग्राफला ती उभी वाटते. ही युक्ती युरोपभर चालली. घरी बसलेल्या दुसऱ्याच कुणाचं कार्ड खुपसणं ही दुसरी. त्यावर उतारा म्हणून नवी यंत्रं उपग्रहावरून गाडीची जागा नोंदवतात आणि संवेदकाच्या आकड्यांशी ताडून पाहतात. देशाची सीमा ओलांडली की दुसऱ्या आवृत्तीचं यंत्र ती वेळ आपोआप टिपतं. डब्लिनहून सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला माल नेणाऱ्या आयरिश चालकासाठी हे रोजचंच. रस्त्याकडेचा अधिकारी गाडी न थांबवताही जवळच्या पल्ल्याच्या रेडिओलहरींवरून यंत्रातली ठळक माहिती वाचू शकतो आणि संशयास्पद गाडीच बाजूला घेतो.

फास मालकाच्या गळ्यात

इथपर्यंत वाचून वाटेल की हा सगळा चालकावर पहारा आहे. खरी मेख पुढे आहे. ५६१ क्रमांकाच्या नियमातलं दहावं कलम त्याचा कणा म्हणावा असं आहे. ते चार गोष्टी सांगतं. किती अंतर कापलं, किती लवकर पोचवलं किंवा किती माल वाहिला, यावर चालकाचा पगार वा बक्षीस अशा रीतीने ठरवायचं नाही की त्यातून रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. मालकाने काम असं आखायचं, की नियम पाळता येतील. चालकाने नियम मोडला तर वाहतूक कंपनीही जबाबदार, मग तो दुसऱ्या देशात मोडलेला का असेना. आणि माल पाठवणारा, दलाल, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार यांनी ठरवलेलं वेळापत्रकही नियमात बसणारं असलं पाहिजे. कॉर्कच्या गोदामाने केलेला उशीर आणि ‘तरीही आजच परत या’ हा फोन, दोन्ही या कलमाच्या कक्षेत येतात.

आयर्लंडमध्ये याची अंमलबजावणी दोन हातांनी होते. पहिला हात रोड सेफ्टी ऑथॉरिटीचा. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मेयो काउंटीतल्या बॅलिना या गावी आहे. तिचे अधिकारी गार्डांबरोबर, म्हणजे आयरिश पोलिसांबरोबर, रस्त्यावर तपासणी करतात. आणि कंपनीच्या कचेरीत जाऊन फाइलीही काढायला लावतात. चालकाच्या कार्डावरची माहिती दर २८ दिवसांत निदान एकदा आणि गाडीतल्या यंत्रातली दर ९० दिवसांत निदान एकदा उतरवून घ्यायची आणि ती माहिती वर्षभर जपायची, हे कंपनीचं काम. रस्त्यावर अडवलेल्या चालकाकडे पूर्वी मागच्या २८ दिवसांचा हिशेब मागत, ३१ डिसेंबर २०२४ पासून तो ५६ दिवसांचा झाला.

दुसरा हात परवान्याचा. भाड्याने माल वाहायचा, तर परिवहन खात्याचा ऑपरेटर परवाना लागतो. त्यासाठी पहिल्या गाडीमागे ९,००० युरो आणि पुढच्या प्रत्येक गाडीमागे ५,००० युरोंची आर्थिक पत दाखवावी लागते. यामागचा विचार साधा आहे: ज्याच्या गाठीला टायर बदलायला पैसे नाहीत, तो झिजलेल्या टायरवरच गाडी काढणार. परीक्षा उत्तीर्ण झालेला वाहतूक व्यवस्थापक नेमावा लागतो, आणि मालकाची व व्यवस्थापकाची ‘सचोटी’ टिकावी लागते. ती घालवणाऱ्या अतिगंभीर गुन्ह्यांची एक छोटी युरोपीय यादी आहे. पंधरवड्याच्या तासांची मर्यादा पाव पटीने किंवा जास्त ओलांडणं, टॅकोग्राफमध्ये फेरफार, तपासणीचा दाखला नसलेली गाडी रस्त्यावर काढणं, बनावट चालक-कार्ड, आणि बारा टनांवरच्या गाडीत वीस टक्के किंवा जास्त जादा माल, हे सगळं तिच्यात एका रांगेत बसतं. यादीतला गुन्हा सिद्ध झाला तर परवान्याची फेरतपासणी होते, आणि दंड भरून सुटका होत नाही. धंदाच बंद पडू शकतो.

त्यामुळे चालकाच्या तोंडच्या ‘नाही जमणार’ या दोन शब्दांना वजन येतं. तो मालकाशी हुज्जत घालत नाही, यंत्राकडे बोट दाखवतो. मालक ग्राहकाला तेच सांगतो. पूर्वी हेर म्हणून ज्याला शिव्या बसल्या, तोच चालकाचा वकील होऊन बसला.

किल्ली फिरवण्याआधी

तासांचा हिशेब माणसाचा. गाडीचा हिशेब वेगळा. व्यावसायिक गाडीची वर्षातून एकदा तपासणी आयर्लंडमध्ये सक्तीची आहे. पूर्वी तिची व्यवस्था स्थानिक प्रशासनांकडे होती. २०१२च्या कायद्यानंतर, २०१३ पासून, ती रोड सेफ्टी ऑथॉरिटीकडे आली. पण वर्षातला एक दिवस उरलेल्या ३६४ दिवसांची हमी देत नाही. म्हणून रोजच्या फेरीआधी चालकाने गाडीभोवती एक चक्कर मारून तपासणी करायची, अशी रीत घालून दिली आहे.

ही चक्कर जवळून पाहण्यासारखी आहे. चालक आधी केबिनमध्ये बसतो, हवेचा दाब चढू देतो, काट्याकडे पाहतो. खाली उतरून कान देतो. कुठे हवेची सूं-सूं येते का? ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या वेटोळ्या नळ्या असतात: लाल नळी ट्रेलरच्या टाकीला हवा पुरवते, पिवळी ब्रेकची आज्ञा पोचवते. त्या घासल्या, पिळल्या नाहीत ना? ट्रेलरची खुंटी जिथे अडकते त्या ‘पाचवं चाक’ म्हणवणाऱ्या जोडणीची कडी नीट बसली आहे का, हे वाकून टॉर्चच्या उजेडात पाहायचं. ट्रेलरचे पाय पूर्ण वर गुंडाळले का? मग टायर: बाहेरच्या टायरकडे सगळेच पाहतात, जोडीतल्या आतल्या टायरकडे वाकून पाहावं लागतं. चाकाच्या नटांवर बाणासारखी छोटी पिवळी प्लास्टिकची खूणचिन्हं लावलेली असतात. एखादा बाण रांगेतून फिरलेला दिसला, तर नट सैल झाला. शेवटी दिवे, आरसे, मालावरचे पट्टे. सगळं ठीक असेल तरी ‘दोष नाही’ असं लिहून सही करायची. ही सही महत्त्वाची. कारण दोष लिहूनही गाडी दुरुस्त न करता पुन्हा पाठवली, तर जबाब मालकाला द्यावा लागतो.

हे सगळं चालकाला शिकवलंही जातं. भारतीय परवाना आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही. ल्यूकनमधल्या एखाद्या मराठी तरुणाला ट्रक चालवायचा झाला, तर आधी मोटारीचा आयरिश परवाना, मग ट्रकचा शिकाऊ परवाना आणि चार टप्पे: लेखी परीक्षा, प्रसंगावर आधारित प्रश्नांची परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा, आणि माल बांधणं-गाडी तपासणं करून दाखवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यानंतरही सुटका नाही. दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण, म्हणजे वर्षाला एक दिवस वर्गात बसावंच लागतं. वीस वर्षं ट्रक चालवलेल्यालाही.

घड्याळ जिथे टोचतं

ही व्यवस्था निर्दोष नाही. चालकांची मोठी तक्रार जागेची आहे. थांबा म्हणणारा कायदा आहे, पण थांबायचं कुठे? आयर्लंडच्या मोटरवेंवर पहिली सर्व्हिस स्थानकं आली ती २०१० मध्ये. ल्यूकनहून पश्चिमेला जाणाऱ्याला लागणारं एनफिल्डचं स्थानक त्यातलंच. संध्याकाळी ट्रकच्या जागा भरल्या की उशिरा आलेला चालक औद्योगिक वसाहतीच्या एखाद्या गल्लीत, शौचालयाविना, रात्र काढतो. नियमातल्या बाराव्या कलमाने थोडी ढील दिली आहे: सुरक्षित थांब्यापर्यंत पोचण्यासाठी मर्यादा ओलांडली तर चालते, पण कारण हाताने लिहून ठेवावं लागतं.

बेटावरचा देश असल्याने बोटीचाही नियम करावा लागला. डब्लिनहून हॉलीहेडला बोट सव्वातीन तासांत जाते, फ्रान्सच्या शेरबूरला मात्र रात्र जाते. बोटीत चढताना-उतरताना गाडी हलवावी लागते आणि चाक फिरलं की विश्रांती मोडते. म्हणून झोपायची जागा मिळत असेल तर ही विश्रांती दोनदा, मिळून एका तासापर्यंत, तोडायला मुभा आहे. केबिनमध्येच आयुष्य काढणाऱ्या परदेशी चालकांसाठी २०२० मध्ये आणखी एक सुधारणा झाली. ४५ तासांची साप्ताहिक सुट्टी गाडीत घालवायची नाही, राहण्याचा खर्च कंपनीने करायचा, आणि चालकाला सहसा चार आठवड्यांतून एकदा घरी परतता यावं असं काम आखायचं.

घड्याळामुळे घाई होते, हाही आक्षेप खरा आहे. तास संपत आलेला चालक शेवटचे वीस किलोमीटर जीव मुठीत धरून काढतो. पण त्यावर इलाज घड्याळ काढून टाकण्यात नसून वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा ठेवण्यात आहे, आणि ते वेळापत्रक चालक बनवत नाही.

महाराष्ट्रात काय आहे, काय नाही

आपल्याकडे कायदाच नव्हता, असं नाही. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१चा कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी देत होता. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ९१वं कलम त्याचाच हवाला देतं. पुढे तो २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. १९६१च्या कायद्यात मोठी फट होती: तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता, आणि आपल्याकडे ट्रकमालक म्हणजे बहुतांशी एक-दोन गाड्यांचा धनी, अनेकदा स्वतःच चालक. युरोपात तासांचा नियम स्वतःची गाडी चालवणाऱ्यालाही तितकाच लागतो. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या ट्रकचा चालक पगारी आहे की मालक, याने काही फरक पडत नाही.

दुसरी फट पैशाची. कळंबोलीहून किंवा भिवंडीहून निघणाऱ्या चालकाला पुष्कळदा खेपेवर पैसे मिळतात आणि डिझेल मोजून दिलं जातं. वाचवलं ते त्याचं. मग घाट उतरताना न्यूट्रल मारणं, इंजिन बंद करणं ओघानेच आलं. इंजिन बंद झालं की त्याचा रोध जातो, ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक वेळी पायपट्टी दाबली की टाकीतली हवा उतरत जाते आणि ब्रेक तापून बोथट होतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड गाडीने डझनावारी वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात सांगितलं गेलं. तिथे उतार कमी करणं, पट्टे रंगवणं, वेगमर्यादा घटवणं हे उपाय चर्चेत आले. डिझेलच्या बचतीवर चालणारा हिशेब मात्र चर्चेबाहेरच राहिला. दहाव्या कलमासारखं काही आपल्या कायद्यात असतं, तर चौकशी त्या हिशेबापर्यंत गेली असती.

काही चांगले बदल झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रक चालवलेल्या कोणालाही त्याचं मोल सांगावं लागणार नाही. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक आहे. जादा माल भरला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. हे शेवटचे दोन नियम आधीपासून असूनही २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली.

गंमत म्हणजे नोंदींचा आपल्याकडेही तुटवडा नाही. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. प्रत्येक टोलनाक्यावर गाडी किती वाजता आली, हे सेकंदासह साठतं. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत मिळते. म्हणजे कागदोपत्री सरकारने वाहतुकीची वाजवी गती मान्यच केलेली आहे. फिटनेस दाखला आहे, परमिट आहे, पीयूसी आहे, अनेक मालकांनी स्वतःहून जीपीएस बसवलं आहे. पण यातली प्रत्येक नोंद एक तर गाडीची आहे, नाहीतर मालाची. मुंबईहून निघालेला कंटेनर नागपूरला पोचेपर्यंत चाकामागे एक माणूस होता की दोन, क्लीनरच्या हातात स्टिअरिंग किती वेळ होतं, शेवटची झोप कधी झाली, हे त्यातलं एकही यंत्र सांगू शकत नाही.

टॅकोग्राफचं कार्ड नेमकं इथेच वेगळं पडतं. ते माणसाच्या नावावर आहे. गाडी बदलली, मालक बदलला, देश बदलला, तरी चालकाच्या थकव्याचा हिशेब त्याच्या खिशातून त्याच्याबरोबर जातो आणि दुसऱ्या कुणाला तो पुसून नव्याने सुरू करता येत नाही. महाराष्ट्राला ल्यूकनच्या रस्त्यांवरून काही उचलायचं असेल, तर सुरुवात याच कार्डापासून आणि दहाव्या कलमापासून करावी; बोगदे आणि सर्व्हिस एरिया त्यांच्या मागोमाग मागावे लागतील. कारण झोप आलेल्या चालकाला गाडी बाजूला लावायची अक्कल कायद्याने द्यावी लागत नाही, ती त्याला असतेच. गाडी बाजूला लावल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचं काम जाणार नाही, एवढी हमी कायद्याने द्यायची असते.